डावा गाल आणि चौथा विषय

(सकाळचे सव्वानऊ. एका खुर्चीचं सलून, समोर आरसा, मागे आरसा. खुर्चीत वकील, गळ्याभोवती पांढरं कापड, तोंडभर फेस. वस्तरा बाबांच्या हातात. मागच्या बाकावर मुलगी, मांडीवर अर्ज, शेजारी दप्तर.)

बाबा: कायदा हा विषयच नाही त्यात. मी यादी दोनदा वाचली. बावीस विषय आहेत. मत्स्यपालन आहे. कायदा नाही.

मुलगी: बाबा, कायदा शाळेत नसतोच. तो बारावीनंतर. आत्ता फक्त अकरावीचे विषय निवडायचे.

बाबा: ते कशासाठी?

मुलगी: पुढे कायद्याला जाण्यासाठी.

बाबा: मग त्यांचा कायद्याशी काहीतरी संबंध नको?

मुलगी: नको. माहितीपुस्तिकेत लिहिलंय. पदवीच्या प्रवेशाला बारावीचे कोणतेही विषय चालतील.

बाबा: कोणतेही हा विषयसुद्धा यादीत नाही.

वकील: म्म्म.

बाबा: बघ. साहेबही तेच म्हणतात.

वकील: म्म्म-म्म्म!

बाबा: बोलू नका, साहेब. वस्तरा ओठाच्या कडेला आहे. जागा मोकळी झाली की मी सांगीन, तेव्हा बोला. हं. आता बोला. दोन वाक्यं.

वकील: मुलगी बरोबर आहे. अमुकच विषय पाहिजे अशी कायद्याला अट नाही, मी स्वतः जीवशास्त्र घेऊन आलोय, कारण मला जनावरांचा डॉक्टर व्हायचं होतं, पण प्रयोगशाळेत बेडूक शुद्धीवर आला आणि मी बेशुद्ध पडलो.

बाबा: दोन म्हटलं होतं.

वकील: दोनच आहेत. दुसरं लांब आहे. वकिलाची वाक्यं लांबच असतात.

बाबा: गप्प. हनुवटी.

मुलगी: काका, मी तीन विषय लिहिलेत. तर्कशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र. आणि चौथं तत्त्वज्ञान लिहिणार आहे. चालेल ना?

वकील: म्म.

बाबा: तत्त्वज्ञानात काय करतात?

मुलगी: विचार.

बाबा: तो घरीही करता येतो. भूगोल कुठे गेला?

मुलगी: भूगोल नाही घेत.

बाबा: का? साहेब, दुसरीपासून हिच्या वहीत नकाशे. हा आरशाशेजारी चिकटवलाय तो बघा, दुकानाचा नकाशा. खुर्ची, बाक, बेसिन, सगळं मापात. दाराशी बाण काढून लिहिलंय, "इथून वारा येतो, केस इकडे जमतात." खरंच तिथेच जमतात. असल्या मुलीनं भूगोल सोडायचा? वकिलांना भूगोल लागत नाही का? आता बोला.

वकील: अहो, जमिनीच्या प्रकरणांत दुसरं काय असतं! मी तर उत्तर-दक्षिण चुकून एक अख्खी विहीर शेजाऱ्याला देऊन बसलो होतो. काय गं एकतीस जून, भूगोल का नको?

बाबा: साहेब, तुम्ही तिला त्या नावानं हाक मारता, मला कसंसंच होतं.

वकील: अभिमानानं मारतो. तेरा वर्षांची पोर. मी दुकान रिकामं करायची नोटीस पाठवतो, ही हातात घेते, वाचते, भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर जाते आणि मोजते. "एकतीस जूनपर्यंत जागा रिकामी करावी." बावीस वर्षांच्या वकिलीत माझी अशी बिनपाण्यानं कुणी केली नव्हती.

बाबा: आमच्याकडे पाण्यानंच करतात, साहेब. तेही कोमट.

मुलगी: मी काहीच केलं नव्हतं. मी फक्त विचारलं होतं की एकतीस जून कधी येतो.

वकील: तेच! तेच आता जागामालक मला विचारतात. तीन वर्षं विचारतायत.

बाबा: मग तुम्ही काय सांगता त्यांना?

वकील: प्रकरण जून झालंय म्हणतो.

बाबा: लोक मला विचारतात, साहेब. ज्यानं तुम्हाला दुकानातून काढायला नोटीस दिली, तो दर मंगळवारी गळा तुमच्यापुढे करतो आणि तुम्हीही दाढी करता. आमच्या समोरचा टपालवाला म्हणतो, याला केसानं गळा कापणं म्हणतात.

वकील: कुणी कुणाचा?

बाबा: ते मी विचारलं नाही. उजवा गाल झाला. मान तिकडे करा. आता डावा. हं... अरे!

मुलगी: बाबा!

बाबा: काही नाही. पडला. साबण निसरडा आहे.

वकील: वस्तरा होता का तो?

बाबा: साबणाला नवीन वास घातलाय कंपनीनं, म्हणून निसरडा झालाय. पातं जमिनीवर पडलं, आता हे नाही वापरता येणार. थांबा, नवीन लावतो. खणात पेटी आहे. ...खणात पेटी होती.

वकील: मला अकराला कोर्टात उभं राहायचंय.

बाबा: परवाच आणली पेटी. दहा पात्यांची. महिन्याभरात पाती संपायची ही चौथी वेळ, साहेब. दाढीला माणसं येतात पाच, आणि पाती जातात चाळीस. मला तर वाटतं, उंदीर नेतात.

वकील: उंदीर पात्याचं काय करतील?

बाबा: ते उंदरांना विचारा. मी चौकातून घेऊन येतो.

मुलगी: चौकातलं दुकान दहाला उघडतं.

बाबा: खरंच की. मग बसा, साहेब. पाऊण तास.

वकील: अर्ध्या दाढीनं? अहो, न्यायाधीश मला आधीच अर्धवट समजतात.

बाबा: फेस सुकू देऊ नका. मी ओला करत राहतो.

वकील: थांबा. थांबा हं. पाऊण तास आहेच, तर मला या मुलीला चार प्रश्न विचारू द्या. आज कोर्टात उलटतपासणी आहे, सरावही होईल. एकतीस जून, उभी राहा.

मुलगी: मी बसूनच देते उत्तरं.

वकील: साक्षीदार बसला तरी चालेल. तुला ठाऊक आहे, माझ्या समोर आरसा आहे आणि तुझ्या मागे आरसा आहे?

मुलगी: हो.

वकील: म्हणजे मला तुझा अर्ज दिसतो. आधी उलटा, मग दुसऱ्या आरशात सुलटा. लांबून दिसतो, पण दिसतो. चौथ्या विषयाची ओळ रिकामी आहे. पण खाली "पालकांची सही" तिथे काहीतरी निळं आहे. ते काय आहे?

मुलगी: सही.

वकील: कुणाची?

मुलगी: पालकांची.

बाबा: मी कधी केली सही? मला तर अर्ज आत्ता दाखवलास.

वकील: तुम्ही मध्ये बोलू नका. ओठाच्या कडेला प्रश्न आहे. ही सही फार सरळ आहे, एकतीस जून. वकिली करायच्या आधीच तू फौजदारी गुन्हा केलास. हे क्रमानं उलटं आहे.

मुलगी: शाळेत चालत नाही बाबांची.

बाबा: काय चालत नाही?

मुलगी: सही. मागे रजेची चिठ्ठी नेली होती ना, ती बाईंनी परत दिली. म्हणाल्या, पालकांची सही आण, ही धाकट्या भावानं केलेली दिसतेय.

बाबा: तुला भाऊ कुठे आहे?

मुलगी: तेच मी म्हणाले. तर त्या म्हणाल्या, मग भाऊ नसताना ही कुणी केली?

बाबा: घाईत केली होती मी ती. उभ्यानं.

वकील: मुद्दा दोन. अर्जाच्या मागे वेळापत्रक छापलंय. ते मला दिसत नाही, तू वाच. तर्कशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान. यांचे तास किती वाजता संपतात?

मुलगी: बाराला.

वकील: चारही?

मुलगी: चारही.

वकील: आणि भूगोल?

मुलगी: भूगोलाला प्रात्यक्षिक असतं.

वकील: मी काय असतं ते विचारलं नाही. किती वाजता असतं ते विचारलं.

मुलगी: एक ते चार. आठवड्यातून तीन दिवस.

बाबा: मग असू दे की. नकाशे काढायला तीन तास लागणारच. तू दुकानाचा काढलास त्याला दोन दिवस लागले होते.

वकील: मुद्दा तीन. दुपारी एक ते चार या वेळात तू कुठे असणार होतीस?

मुलगी: इथे.

वकील: इथे काय करायला?

मुलगी: हरकत.

वकील: हरकत घ्यायला दुसरा वकील लागतो. तू साक्षीदार आहेस.

मुलगी: मग मी वकील होईपर्यंत उत्तर राखून ठेवते.

बाबा: दुकानात हिला काय काम? केर मी काढतो. टॉवेल संध्याकाळी धुतले जातात. साहेब, नका लागू तिच्या मागे.

वकील: शेवटचा प्रश्न. हा सोपा आहे. तुझ्या दप्तरात काय आहे?

मुलगी: वह्या.

वकील: आणि?

मुलगी: कंपासपेटी.

वकील: कंपासपेटीत?

मुलगी: कर्कटक. पट्टी. आणि...

बाबा: बाळ?

मुलगी: पाती.

बाबा: कसली पाती?

मुलगी: दाढीची. अडतीस आहेत. दोन मी पेन्सिलीला टोक काढायला वापरली.

बाबा: म्हणजे उंदीर...

मुलगी: मी.

वकील: मुद्देमाल हस्तगत. माझी उलटतपासणी बावीस वर्षांत पहिल्यांदा यशस्वी झाली, आणि बघायला कोण, तर दारासमोरचा तो टपालवाला.

बाबा: हसू नका, साहेब. बाळ, गिऱ्हाइकं परत गेली माझी. पाती नाहीत म्हणून हात जोडले मी लोकांना.

मुलगी: त्यासाठीच लपवली.

बाबा: लोक परत जावेत म्हणून?

मुलगी: दाढीची माणसं परत जावीत म्हणून. केस कापायला पातं लागत नाही. कैचीनं तुम्ही सावकाश करता, काही होत नाही. वस्तऱ्यानं होतं. त्या बँकेतल्या काकांना कानाखाली लागलं. शिंप्याला दोनदा. या काकांना चार वेळा.

बाबा: साहेबांना नाही लागलं कधी.

वकील: चार वेळा.

बाबा: तुम्ही बोलला नाहीत.

वकील: तुम्हीच बोलू देत नाही. "बोलू नका, वस्तरा आहे." मी म्हटलं, माणूस म्हणतोय तर ठीक आहे. घरी सांगितलं, मांजरानं ओरबाडलं.

बाबा: तुमच्याकडे मांजर आहे?

वकील: आता आणावं लागलं. बायकोला पुरावा पाहिजे होता.

बाबा: थंडीनं होतं ते. हात गारठतात.

मुलगी: उन्हाळ्यातही होत होतं.

बाबा: चहा जास्त होतो माझा.

मुलगी: दोन महिने तुम्हाला मी चहा निम्मा देते. तुम्ही म्हणालात, कप मोठे आणलेस का?

बाबा: ...मला वाटलं, कप मोठे आणलेस.

मुलगी: मला मशीन चालवता येतं, कैची येते, वस्तरा अजून फुग्यावर चालवतेय. बारावीपर्यंत माणसावर येईल. दुपारी मी असले की तुम्ही खुर्चीत बसायचं, मी दाढ्या करायच्या. म्हणून बाराला सुटणारे विषय. कोणतेही चालतात ना? मग हे चालतील. तत्त्वज्ञान वाईट नाहीये.

बाबा: तुला आवडतं?

मुलगी: चालतं.

बाबा: मी आवडतं का विचारलं.

मुलगी: बाबा, चौथ्या विषयानं वकील व्हायचं अडत नाही. काकांनी बेडूक घेतला होता.

वकील: हे खरं आहे. पण तो बेडूक मी स्वतः निवडला होता. पुढे मी पडलो, ते वेगळं. माझ्याबरोबरचा एक जण बापानं सांगितलं म्हणून लेखापालन घेऊन बसला. आज तो न्यायाधीश आहे.

बाबा: मग चांगलंच झालं की त्याचं.

वकील: हो. उदाहरण चुकलं. पण तो कधी हसत नाही.

बाबा: नववीत मला शाळेतून काढलं तेव्हा माझे वडील म्हणाले, दुकानात दुपारी कुणी नसतं, तू ये. दोन दिवस ये म्हणाले होते. या खुर्चीमागे स्टूल ठेवायचे, माझा हात पोचायचा नाही म्हणून. मग मी उंच झालो. स्टूल काढलं. पण जा परत, असं कुणी म्हणालं नाही.

मुलगी: मी शाळा सोडत नाहीये.

बाबा: भूगोल सोडतेयस. माझं त्यापेक्षा थोडंच जास्त सुटलं होतं.

वकील: फेस सुकतोय.

बाबा: सुकू दे. बाळ, दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवायचं. पाटी लाव. दुपारी दाढीला कोण येतं? ज्यांना घरी झोप लागत नाही ते. त्यांनी चारनंतर यावं. आणि दाढी मी फक्त सकाळी करीन, उजेड असताना. लिही भूगोल.

मुलगी: अट आहे.

बाबा: कसली?

मुलगी: डॉक्टरांना हात दाखवायचा.

बाबा: दाखवू की.

मुलगी: कधी?

बाबा: दाखवू एकदा. महिनाअखेरीला.

मुलगी: तारीख सांगा.

बाबा: एकतीस जूनला.

मुलगी: बाबा!

वकील: माझी मालमत्ता आहे ती तारीख. परवानगीशिवाय वापरता येणार नाही.

मुलगी: जी तारीख येते अशी सांगा. नाहीतर मी तत्त्वज्ञान लिहिते. पेननं. खाडाखोड केलेला अर्ज घेत नाहीत, मग कुणालाच काही बदलता येणार नाही. हे बघा, मी "त" काढतेय.

बाबा: थांब! गुरुवारी.

मुलगी: कुठल्या?

बाबा: येत्या. परवाच्या.

मुलगी: किती वाजता?

बाबा: दहाला. साहेब, ही तुमच्यापेक्षा वाईट आहे.

वकील: मी तर म्हणतो, तिला बारावीची गरजच नाही. साक्षीदार म्हणून मी सही करतो. गुरुवार, सकाळी दहा. कॅलेंडर बघून सांगतो, आहे तो गुरुवार. यावेळी मी बघितलं.

मुलगी: पण "त" काढून झाला.

बाबा: म्हणजे?

मुलगी: म्हणजे अर्ज वाया गेला. नाहीतरी सही खोटी होती. शाळेत दोन अर्ज देतात, एक चुकण्यासाठी. हा घ्या. मी वरचं सगळं लिहिलंय. तर्कशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र. आणि हे... भूगोल.

वकील: "भू" छान आलाय. उकार अगदी नदीसारखा.

मुलगी: आता सही करा. बाराच्या आत द्यायचाय.

बाबा: बाई परत देतील.

मुलगी: परत दिला तर मी विचारेन, माहितीपुस्तिकेत सही सरळ पाहिजे असं कुठल्या पानावर लिहिलंय.

वकील: देवा. त्या बाईंना माझी सहानुभूती कळव.

बाबा: पेन दे. हा कोपरा टेबलावर ठेव, दाब. तिकडे बघ तू. बघू नकोस मी करतोय तोवर.

मुलगी: नाही बघत.

वकील: मीही डोळे मिटलेत. तसंही आता डोळ्यांत फेस गेलाय.

बाबा: ...झाली.

मुलगी: बघू?

बाबा: वाकडी आली. शेवटचं अक्षर रेषेखाली गेलं.

मुलगी: चालेल.

बाबा: चालेल, की आवडलं?

मुलगी: आवडलं.

वकील: मला आरशात दाखवा. हं. हीच खरी. आधीच्या सहीवर मी कोर्टात हरकत घेतली असती, हिच्यावर घेता येणार नाही. अशी सही या जगात दुसरं कुणी करूच शकत नाही. आता कुणीतरी माझ्या डाव्या गालाकडे बघेल का? सव्वादहा वाजलेत.

बाबा: पातं आण बाळ, एक. बाकीची खणात ठेव.

मुलगी: बाबा, चौकातलं दुकान उघडलं असेल आता. काकांना तिकडे शेजारच्या सलूनमध्ये...

वकील: अर्धी दाढी एकाकडे आणि अर्धी दुसऱ्याकडे? मी काय दोन्ही पक्षांचा वकील आहे?

मुलगी: आहातच.

वकील: ते बाहेर बोलू नकोस. हं, मी बसलोय. करा.

बाबा: साहेब, खरंच?

वकील: तीन वर्षं या खुर्चीत बसतोय मी. जागामालकांनी नवी नोटीस लिहायला सांगितली की मी म्हणतो, लिहितो, पण आधी दाढी करून येतो. मग इथे येतो, आणि मग लिहायची राहते. तुम्हाला वाटलं होतं, मला तारीख सापडत नाहीये?

बाबा: मला वाटलं, तुम्ही विसराळू आहात.

वकील: तेही आहे.

मुलगी: मी मनगट धरू, बाबा?

बाबा: तू अर्ज धर. घडी पडू देऊ नकोस. मी कोपर खुर्चीच्या दांड्यावर टेकवतो. असं. साहेब, मान थोडी तिकडे.

वकील: एक सांगायचं राहिलं. भूगोलाची प्रात्यक्षिकं सुरू झाली की हिला माझ्या त्या विहिरीचा नकाशा...

बाबा: साहेब.

वकील: काय?

बाबा: आता बोलू नका.